पालथ्या हाताची बोंब

दोंडाईच्याला आमचं घर रेल्वे स्टेशनच्या अलीकडे होतं आणि नानांची मिरचीची पथारी रुळांच्या पलीकडे. नाना म्हणजे माझे वडील. पथारी म्हणजे काय, हे मला आता जळगावात नातवंडांना समजावून सांगावं लागतं. दिवाळी सरली की आसपासच्या शेतांतून ओली लाल मिरची गाड्या भरभरून यायची, ती उघड्या माळावर पसरायची, उन्हात वाळवायची, बायांकडून देठ खुडून, पांढरी पडलेली निवडून, पोत्यांत भरायची आणि बाहेरगावी धाडायची. काम एवढंच. पण एवढं सांगून मी जे पाहिलं त्यातलं काहीच सांगून होत नाही. रुळांच्या कडेला उभं राहिलं की नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल असायची, आणि त्या लाल रंगात बसलेल्या चाळीस-पन्नास बाया लांबून ठिपक्यांसारख्या दिसायच्या. वारा फिरला की स्टेशनातला हमालसुद्धा ठसकायचा. सुरतेकडे जाणारी दुपारची पॅसेंजर आमच्या पथारीजवळ आली की तिच्या खिडक्या एकापाठोपाठ एक धाडधाड खाली पडायच्या. त्या आवाजावरून आई घरात बसल्या बसल्या ओळखायची की गाडी निघाली, आता नाना जेवायला येतील.

आमच्या घरात सगळेच शिंकायचे. नाना मात्र नाही. त्यांच्या धोतरातून, टोपीतून, केसांतून मिरचीची धूळ झडायची आणि ते मजेत जेवत असायचे. आईनं त्यांच्यासाठी मोरीपाशी वेगळी बादली ठेवली होती, हात धुतल्याशिवाय माझ्या धाकट्या भावाला उचलायचं नाही असा तिचा नियम होता. घरात मोठ्यानं बोललेला तिचा तो एकच नियम. एरवी तिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर यायचा नाही. दारात परका पुरुष उभा असला तर ती बांगड्या वाजवून नानांना आत बोलवायची. डोक्यावरचा पदर मी तरी कधी ढळलेला पाहिला नव्हता. ती कळण्याच्या भाकरी थापायला बसली की परातीवर पडणाऱ्या हाताचा ठेका मात्र गल्लीत ऐकू जायचा. ज्वारी आणि उडदाच्या त्या काळपट भाकरीचा वास आणि चुलीत भाजणाऱ्या वांग्याचा वास, हे दोन वास एकत्र आले की मला आजही कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं.

मी तेव्हा सहावीत होते. शाळा सुटली की दप्तर फेकून मी पथारीवर पळायची. आईला ते आवडायचं नाही, पण नाना म्हणायचे, जाऊ दे, ऊन खाईल. मला तिथे ओढ होती ती बायांच्या हातांची. हे मी आज म्हणते. तेव्हा एवढंच कळायचं की घरात आई आणि आत्या जे हात पदराखाली ठेवतात, ते हात इथे सुटलेले आहेत. या बाया बोलायच्या निम्मं तोंडानं आणि निम्मं हातांनी. ट्रकवाला रस्त्यावरून काही बोलून गेला की दहा हात वर जायचे, दहा तऱ्हांचे. कुणी अंगठा नाचवायची, कुणी कोपरापर्यंत हात पुढे करून मनगट फिरवायची, कुणी त्या ट्रकच्या धुळीकडे बघत दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची. त्यातल्या काही खुणांचे अर्थ मला लग्नानंतर कळले. पण खूण पाहून समोरचा माणूस कसा बारीक होतो, ते मी तिथेच पाहिलं. शब्द न वापरता, जागचं न उठता, नुसत्या एका बोटानं. मला त्याचं फार नवल वाटायचं.

या सगळ्या बायांची म्होरकी ठगूअक्का. साठीची असेल. तिच्याआधी झालेली चार भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून मरणाला ठकवण्यासाठी आईबापांनी तिचं नाव ठगूबाई ठेवलं. हे ती स्वतःच प्रत्येकाला सांगायची आणि वर म्हणायची, "आनि देख, अजून ठकाडीच राह्यनू त्याले." तिच्या हातांना मिरचीचं काही वाटेनासं झालं होतं. बाकीच्या बाया सकाळी आधी बोटांना तेल चोपडून घ्यायच्या, तरी संध्याकाळी त्यांची आग थांबायची नाही. अक्का नुसत्या हातांनी खुडायची. तिचे तळवे काळेभोर, तुळतुळीत, रेषा बुजलेले. तिच्या शेजारी बसायला जागा मिळाली की मी अंधार पडेपर्यंत हलायची नाही, कारण अक्काला प्रत्येक खुणेचं मूळ ठाऊक होतं. खूण कुठून आली, आधी कुणी केली, कुणावर केली. तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. मी पुढे तीस वर्षं मराठी शिकवलं, ग्रंथालयांतून पुष्कळ शोधलं. काही ठिकाणी एक लिहिलेलं सापडलं, काही ठिकाणी त्याच्या नेमकं उलट. अक्काचंच खरं असं मी म्हणत नाही. पण तिनं सांगितलेलं मी विसरू शकले नाही, आणि बाकीचं विसरले.

एकदा मी तिला विचारलं, अंगठा दाखवला की माणसं एवढी का चिडतात? तिनं मिरची खाली ठेवली, उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. "देख, हाई पाच भाऊ. चार भाऊ एक घरमा रातस. हाऊ आंगठा एकलाच येगळा." मग तिनं गोष्ट सांगितली. पाच भावांत वाटणी झाली. चौघं एका चुलीवर राहिले, थोरला अंगठा वेगळा निघाला. दुष्काळ पडला. चौघं उपाशी, थोरल्याच्या घरी मात्र दाणा होता. चौघं एकमेकांना धरून, वाकून त्याच्या दारी गेले. इथे अक्कानं आपली चार बोटं मिटून खाली वाकवली. आणि थोरला दारात ताठ उभा राहिला. इथे तिचा अंगठा वर आला. "नही! नही देत, जा!" तेव्हापासून अंगठा म्हणजे उपाशी भावाला दारातून दिलेला नकार. म्हणून तो पाहिला की माणसाच्या पोटात आग पडते. अक्कानं मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, "पन पोरी, त्यानाबिगर घास तोंडमा जास का? खाई देख बरं." त्या दिवशी घरी येऊन मी चार बोटांनी भात खायला बघितलं. अर्धा भात मांडीवर सांडला आणि आईनं विचारलं तेव्हा मला सांगताही येईना.

दुसरी गोष्ट बोटं मोडण्याची. कुणाच्या नावानं बोटं मोडणं हा आमच्याकडे बायकांचा शाप. पण आजीसुद्धा तर माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, आणि ती तर माया होती. मग एकाच खुणेत दोन गोष्टी कशा? अक्का म्हणाली, आधी एकच होती, मायेची. आई लेकराच्या अंगावरची पीडा आपल्या हातांनी गोळा करते, आपल्या डोक्याशी नेते आणि तिथे मोडते. तो कडकड आवाज पीडेच्या हाडांचा. मग एक बाई अशी निघाली की तिनं रोज पीडा गोळा केली, रोज मोडली, तरी तिचं लेकरू कुणाच्यातरी करणीनं गेलं. तिच्या हातांत मोडायची राहिलेली पीडा होती. ती उठली, त्या माणसाच्या दारासमोर गेली आणि तिथे बोटं मोडली. "शाप देवाले येगळा हात कोनले शे?" अक्का म्हणाली. "मायानाच हात तो." आजूबाजूच्या बाया खुडायच्या थांबल्या होत्या. त्यातली एक पदरानं डोळे पुसत होती, मिरचीमुळे की कशामुळे, मला ठाऊक नाही.

या विद्येचा मी पहिला उपयोग केला तो फार वाईट. नानांच्या मावशी शिरपूरकडून आल्या होत्या. जेवताना त्यांनी माझ्या ताटातला मांडा उचलून भावाच्या ताटात घातला. आमच्याकडे खापरावर केलेल्या पुरणाच्या मांड्याला नको म्हणणारं मूल जन्माला आलेलं नाही. मी सरळ त्यांच्या तोंडासमोर अंगठा नाचवला. मावशींच्या हातातला घास खाली पडला. आईनं मला मोरीपाशी ओढत नेलं, एक ठेवून दिली आणि माझा तो हात धरून, खालच्या आवाजात म्हणाली, "बाईचा हात पदरात शोभतो, शकू. हात सुटला की बाई सुटली." तिची ती घट्ट पकड मला आठवते. पुढे आठ दिवस मला पथारीवर जायला बंदी होती.

आता भटूमामाचं सांगायला हवं. तो आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे त्याला आईनंच वाढवल्यासारखं होतं. दहावीला दोनदा बसून झाल्यावर आईनं नानांना सांगून त्याला पथारीवर मुकादम केलं. काट्यावर मिरची मोजायची, बायांची हजेरी घ्यायची, पोत्यांच्या शेडची किल्ली सांभाळायची. दिसायला देखणा, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. मला तो फार आवडायचा. स्टेशनवरून गोळ्या आणायचा, मला सायकलवर पुढे बसवून रुळांच्या कडेनं न्यायचा. बायांना मात्र तो आवडत नव्हता. तो फेरी मारायला आला की हातांचं बोलणं बंद पडायचं आणि अक्का आपल्या जवळ बसलेल्या तरण्या बायांना हळूच आतल्या बाजूला सरकायला सांगायची. मी ते पाहायची. कशासाठी ते मला कळत नव्हतं.

एका शनिवारी सकाळची शाळा होती. नाना सौद्यासाठी मार्केटला गेले होते आणि निरोप देऊन गेले होते की आज जेवायला घरी येणार नाहीत. मामाला डबा न्यायला माणूस आला नाही, म्हणून आई स्वतः निघाली. पथारीवर ती वर्षाकाठी एकदा, नारळ फोडायला यायची. तिनं मामाच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल आणि कांदा. मी बरोबर होते. रूळ ओलांडून आम्ही पथारीच्या पायवाटेला लागलो तेव्हा ऊन कडक होतं आणि बाया जेवून परत कामाला लागल्या होत्या.

शेडच्या मागून मंगला येताना दिसली. मंगलाचं लग्न होऊन वर्ष झालं नसेल. हातभर हिरव्या बांगड्या असायच्या तिच्या, खुडताना त्यांचा किणकिणाट चालायचा. ती एका हातानं दुसरं मनगट घट्ट दाबून येत होती. येऊन ती अक्काच्या पुढ्यात बसली, आणि हात सोडला. मनगटावरच्या बांगड्या फुटून काचा आत रुतल्या होत्या. रक्तात मिरचीची धूळ गेली होती. आम्ही मिरचीवाले, जखमेत मिरची म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक. पण मंगला ओरडत नव्हती. तिनं दात आवळले होते.

"कोनी करं व हाई?" अक्कानं विचारलं.

मंगलानं मान वळवून शेडकडे पाहिलं. मामा बाहेर येत होता, शर्टाची बाही सारखी करत. "काही नाही झालं," तो लांबूनच म्हणाला. "पोत्याला अडकून पडली. चला, कामाला लागा."

अक्का उठली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. तिनं मंगलाचं मनगट एकदा उचलून सगळ्या बायांना दाखवलं. काचा मनगटाच्या दोन्ही बाजूंनी रुतलेल्या होत्या, मुठीत धरून दाबल्यासारख्या. पोत्याला अडकून पडलं तर बांगड्या तशा फुटत नाहीत. मग ती मामाकडे तोंड करून उभी राहिली, उजवा हात पालथा केला, हाताची मागची बाजू ओठांवर ठेवली आणि बोंब मारली.

ती बोंब मी होळीला हजारदा ऐकली होती. पोरं मारायची, आम्ही हसायचो. ही तशी नव्हती. हात तोंडावर पडत होता, उठत होता, आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी त्या लाल माळावरून जात होता. हसावं असं त्यात काही नव्हतं. दोन-तीन बायांचे हात वर गेले. तेवढ्यात त्यांनी आईला पाहिलं. मालकाची बायको, मुकादमाची बहीण, डोक्यावर पदर, हातात डबा. त्यांचे हात खाली आले. अक्का एकटीच मारत राहिली. मग तिलाही ठसका लागला आणि ती थांबली.

मामा हसला. "अक्का, शिमग्याला अवकाश आहे अजून," तो म्हणाला, आणि आईकडे वळला. "ताई, डबा आणलास का? भूक लागली."

आई त्याच्याजवळ गेली नाही. ती बायांमधून वाट काढत मंगलापाशी गेली, वाकली, ते मनगट तिनं जवळून पाहिलं. मग विचारलं, "कुणी धरला गं हात?"

मंगला पहिल्यांदा बोलली. "तुमना भाऊनी."

"भटू?" आई म्हणाली. तिनं फक्त त्याचं नाव घेतलं.

"ताई, या बायांचं काय ऐकतेस तू? यांना सवयच—"

आईनं डबा खाली ठेवला. वाऱ्यानं पदर डोक्यावरून मागे गेला, तो तिनं सावरला नाही. तिचा हात वर जाताना मी पाहिला आणि मला वाटलं, ती पदर घेणार. पण तो हात तोंडाशी गेला आणि उलटा झाला. पहिला आवाज फाटकाच निघाला. आयुष्यात कधी ओरडली नव्हती ती, घशाला ठाऊकच नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा मारली. या वेळी ती बोंब सरळ तिच्या भावापर्यंत पोचली. मग अक्का. मग मंगलाच्या शेजारची. मग चाळीस-पन्नास बाया, एक एक करत, जागच्या जागी उभ्या, कमरेपर्यंत मिरचीची धूळ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सगळ्यांचे हात पालथे.

मी त्या आवाजाच्या मधोमध उभी होते. मला तो कानांनी ऐकू येत नव्हता, छातीत वाजत होता. माझे हात माझ्या अंगाला चिकटलेले होते. भीती वाटली का, असं मला मुलीनं एकदा विचारलं. नाही वाटली. देवळात गाभाऱ्यात पहिल्यांदा नेतात तेव्हा मुलाला जे होतं, ते झालं. आपल्या आईच्या आत एवढं मोठं काही होतं आणि ते आपण रोज भाकरी मागत होतो त्याच घरात होतं, हे मला पेलत नव्हतं.

मामाला कुणी हात लावला नाही. कुणी एक पाऊलही त्याच्याकडे टाकलं नाही. वाट मोकळी होती, तो चालू लागला असता तर कुणी अडवलं नसतं. पण त्याला चालता येईना. आधी तो हसायला बघत होता, मग काहीतरी ओरडला, ते ऐकू आलं नाही. मग त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो खाली बसला. स्टेशनवरची माणसं रुळांवर येऊन उभी राहिली होती. आवाज मार्केटपर्यंत गेला असावा, कारण नाना टोपी हातात धरून पळत आले. त्यांना वाटलं होतं, पथारीला आग लागली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. कुणी थांबलं नाही. त्यांनी मंगलाचा हात पाहिला. मग त्यांनी आईकडे पाहिलं. उघड्या डोक्यानं, तोंडावर हात मारत उभी असलेली स्वतःची बायको ते बघत राहिले. मग ते मामाजवळ गेले आणि हात पुढे केला. "भटू, किल्ल्या दे."

मामानं किल्ल्या दिल्या. आवाज आपोआप थांबला. कुणी थांबा म्हटलं नाही. दुपारच्या पॅसेंजरला अजून वेळ होता, तो स्टेशनकडे चालत गेला आणि त्याच गाडीनं सुरतेला गेला. त्या दिवशी गाडी पथारीजवळून गेली तेव्हा खिडक्या पडल्याचा आवाज आला, आणि आईनं मान वर केली नाही. रांजणाजवळ बसून ती मंगलाच्या मनगटातली एक एक काच काढत होती.

संध्याकाळी आईचे ओठ सुजले होते. हाताला मिरची लागलेली होती ना. तिनं तूप लावलं, स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि ती जेवली नाही. झोपायच्या आधी नानांनी स्वतः उठून तिला ताक दिलं, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्काला विचारलं, बोंबेचं मूळ काय? तिनं हातातली मिरची खुडून बाजूला टाकली. मग म्हणाली, "तू मसनमा गयेल नही, म्हनीसन तुले म्हाईत नही." मग तिनं सांगितलं. चितेला अग्नी देणारा, मडकं फोडून झालं की, पालथा हात तोंडावर ठेवून बोंब मारतो. गेलेल्याला कळावं म्हणून, की तू आता आमच्यातला नाहीस, मागे वळू नको. आणि हात पालथा का? सुलट हातानं आपण देतो, घेतो, जेवतो, ओवाळतो. पालथा हात म्हणजे तुझं आमचं देणंघेणं संपलं. होळीला मारतात तीही चितेचीच, होलिकेची. पुढे लोक ते विसरले आणि त्याचा खेळ झाला. "आनि जित्ता मानूसवर मारी," अक्का म्हणाली, "म्हंजे तो आमना लेखे मरी गया."

मी पळत घरी आले. आई परातीपाशी बसली होती. "आई," मी म्हटलं, "तुला माहीत होतं का, बोंब म्हणजे काय ते?"

तिचा हात थांबला नाही. "माझ्या वडिलांना अग्नी भटूनंच दिला," ती म्हणाली. "बारा वर्षांचा होता. मसणवट आमच्या घरामागच्या नाल्यापलीकडे होती. मी दारात उभी राहून त्याची बोंब ऐकली होती. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

त्यानंतर तिचं माहेर तुटलं. माझ्या आजीनं निरोप पाठवला की परक्या बायकांसाठी भावाला जिवंतपणी जाळलंस, आता या उंबऱ्याशी तुझा संबंध नाही. दिवाळीला आम्हाला मामाच्या गावी न्यायला कुणी आलं नाही. भाऊबीजेला, ज्यांना भाऊ नाही त्या बायका करतात तसं, आईनं अंगणात उभं राहून द्वितीयेच्या चंद्राला ओवाळलं. गल्लीतल्या बायांनी ते पाहिलं आणि दोघी-तिघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. नानांनी एकदा विचारलं, सुरतेचा पत्ता मिळालाय, पत्र टाकू का? आई म्हणाली, "त्यानं आधी मंगलाची माफी मागायची. मग माझ्याकडे यायचं." असा चंद्र तिनं आठ वर्षं ओवाळला. मधल्या काळात आजी गेली. आई माहेरच्या दारापर्यंत जाऊन आली, पण मामा उभा होता तिथे त्याच्याशी बोलली नाही. रात्री तिला मी पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं.

ठगूअक्काही गेली. मंगला आणि तिचा नवरा सोनगीरला गेले, तिथे महामार्गावर किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी चहाचं दुकान टाकलं. मी धुळ्याला कॉलेजात शिकत होते, येता-जाता एस.टी. तिथे थांबायची. मंगला मला ओळखायची, चहाचे पैसे घ्यायची नाही. आईची चौकशी करायची. मामाचं नाव तिनं कधी काढलं नाही, मीही नाही.

नवव्या वर्षीच्या भाऊबीजेला मी घरी होते. दिवेलागणीची वेळ. आई निरांजनात वात घालत होती आणि दारात कुणीतरी उभं राहिलेलं मला दिसलं. केस विरळ झालेले, अंगात साधा सदरा, हातात पिशवी नाही, काही नाही. मी ओळखलंच नाही. आईनं वर न बघता ओळखलं. ती उठून दारापर्यंत आली. त्याला आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"सोनगीरला गेला होतास?" तिनं विचारलं.

"तिथूनच येतोय," मामा म्हणाला. "गिऱ्हाइकं होती दुकानात. त्यांच्यासमोरच बोललो. मीच हात धरला होता, मी खोटं बोललो होतो, असं म्हटलं."

"मग?"

"तिचा नवरा पुढे आला होता, तिनंच त्याला थांबवलं. माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'ऐकं मी. आते जाय.' एवढंच." त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. "चालत गेलो होतो स्टँडवरून दुकानापर्यंत, ऊन होतं. पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं."

"बरं केलं," आई म्हणाली.

तिनं त्याच्या खांद्यावरून अंगणाकडे पाहिलं. बाहेर चंद्राची कोर दिसू लागली होती, तिच्या हातात काडेपेटी होती. मग आत वळून ती मला म्हणाली, "शकू, पाट मांड."